दहा बोटांची बिल्किस

आमच्या किनाऱ्यावर सुताराचे बोट मशीनवर गेले की त्याला हाक मारण्याची रीत बदलते. काल-परवापर्यंत तो 'अरे विनेश' असतो. अलिबागहून हाताला पट्टी बांधून परतला की 'विनेश मिस्त्री' होतो. कामावरच्या पहिल्या दिवशी बाकीचे सुतार त्याला फळ्यांच्या थप्पीवर बसवतात, नारळ फोडतात, चहा पाजतात आणि त्यांच्यातला सर्वांत जुना माणूस त्याच्या उरलेल्या बोटांकडे पाहून म्हणतो, "आता मशीननं तुला ओळखलं." यात कुणाला काही वावगे वाटत नाही. रेवदंड्यापासून काशीदपर्यंत ज्या सुतारांची नावे आदराने घेतली जातात, त्यांतल्या बहुतेकांना दहापर्यंत मोजायचे झाले तर शेजाऱ्याचा हात मागावा लागतो.

बिल्किस या रीतीत बसत नाही. ती सेहेचाळीस वर्षांची आहे. त्यांपैकी चोवीस वर्षे तिने लोखंडी टेबलाच्या मधोमध फिरणाऱ्या गोल, दातेरी पात्यापुढे काढली आहेत आणि तिची दहाही बोटे जागच्या जागी आहेत. मच्छीमार, वाडीवाले, हॉटेलवाले या सर्वांना तिचे काम चालते. तिला मिस्त्री म्हणणे मात्र कुणाला जमत नाही. वडिलांच्या ओळखीचे लोक तिला 'नुरुद्दीनची बिल्किस' म्हणतात, बाकीचे 'भाभी' म्हणतात. पाठीमागचे नाव वेगळे आहे. 'दहा बोटांची.' ते शिवीसारखे उच्चारले जाते.

तिचा नवरा फहाद माझा शाळेतला सोबती. तो रेवदंडा-अलिबाग रिक्षा चालवतो. त्याच्या रिक्षात कुणी हे नाव काढलेच, तर तो आरशातून मागे पाहत म्हणतो, "लग्नात दहा मोजून घेतलीत मी. एक जरी कमी झालं तर मागू कुनाकडं? सासरा तर गेला."

हा सासरा म्हणजे नुरुद्दीनचाचा. त्यांच्या तरुणपणी आमच्याकडे मशीन नव्हते. ओंडका उंच घोडीवर चढवायचा, एकाने वर उभे राहायचे, एकाने खाली, आणि दोघांनी मिळून माणसाएवढी करवत वर-खाली ओढायची. वर चाचा असत, खाली त्यांचे जोडीदार बाळाजी सुतार. या जोडीने होड्यांच्या फळ्या कापल्या, घरांचे वासे कापले. पुढे बाळाजींचे गुडघे गेले. त्यांचा मुलगा दादू तोवर पनवेलकडे मशीनच्या कामावर निघून गेला होता, आणि चाचांचा स्वतःचा मुलगा रेहान मस्कतला. तेव्हा करवतीच्या खालच्या टोकाशी सोळा वर्षांची बिल्किस उभी राहिली. डोळ्यांत भुसा जाऊ नये म्हणून ती कपाळावर ओढणीची घडी पुढे ओढून बांधत असे.

खालच्या माणसाचे आणखी एक काम असे. करवत हातभर आत गेली की तिच्या मागच्या चिरेत लाकडाची पाचर ठोकायची, म्हणजे चीर उघडी राहते. नुरुद्दीनचाचा म्हणत, "लाकूड कापलं म्हनून मरत न्हाय. ते परत मिटायला बघतं." मिटणारे लाकूड करवतीला जबड्यात धरते. हाताची करवत असेल तर ती नुसती अडकते. माणूस शिवी देतो, पाचर ठोकतो आणि पुन्हा कापू लागतो.

दोन हजार एक साली चाचांनी पनवेलहून जुने चक्रीचे मशीन आणले. लोखंडी टेबल, खाली मोटर, मोटरीपासून पात्यापर्यंत पट्टा. पात्यावर झाकण नव्हते, मागे काही नव्हते. विकणाऱ्याने ते कसे चालवायचे हे दोन वाक्यांत सांगितले आणि तो निघून गेला. दुसऱ्या महिन्यात चाचा आंब्याची एक फळी उभी चिरत होते. काप संपत आला होता, शेवटची वीत ते हाताने पुढे ढकलत होते. फळी पात्याच्या मागच्या बाजूला मिटली. पात्याचे मागचे दात खालून वर येतात. त्या दातांनी फळी उचलली आणि चाचांच्या अंगावर फेकली. फळी बरगडीला लागून मागच्या भिंतीवर आदळली. ढकलणारा हात मात्र पुढे जायचा तो गेलाच. उजव्या हाताची दोन बोटे गेली.

चाचांना रिक्षात घालून पाठवल्यावर बिल्किसने ती फळी उचलून पाहिली. चिरेच्या दोन्ही काठांवर काळे, जळके डाग होते. पाते जिथे दाबले गेले, तिथे लाकूड भाजले होते. तिने चिरेत नख घालून पाहिले, नख जाईना. तिथेच तिला उमगले की मशीन आणताना आपण एक गोष्ट घरी विसरलो होतो, आणि ती गोष्ट तिच्या स्वतःच्या हातातली होती.

पंधरा दिवसांनी चाचा शेडमध्ये आले तेव्हा सुतार मंडळी नारळ घेऊन हजर होती. "या, नुरुद्दीन मिस्त्री!" अशी हाक आली. चाचांनी मान वळवली नाही. पुन्हा हाक आली तेव्हा ते म्हणाले, "तीस वर्सं करवत वढली तवा मी नुसता करवत्या व्हतो. दोन बोटं दिली तर मिस्त्री? मंग आख्खा हात दिला तर काय नवाब म्हनाल?" नारळ तसाच परत गेला. पुढे अकरा वर्षे ते जगले. 'मिस्त्री' म्हणून मारलेल्या एकाही हाकेला त्यांनी ओ दिली नाही.

बिल्किसने त्याच आठवड्यात रेवदंड्याच्या दयाराम वेल्डरकडून पोलादाची एक पाचर करवून घेतली. तळहाताएवढी उंच, पात्याच्या गोलाईला साजेशी वाकवलेली. ती पात्याच्या मागे, बोटभर अंतरावर, अगदी त्याच रेषेत उभी राहते. तिची जाडी दयारामने चार वेळा कानस मारून जुळवली. पात्याच्या पोलादापेक्षा ती किंचित जास्त हवी, म्हणजे चीर मिटत नाही. दातांनी पाडलेल्या चिरेपेक्षा किंचित कमी हवी, म्हणजे फळी सुरळीत सरकते. पाते खाली-वर केले की पाचरही त्याच्याबरोबर खाली-वर होते. दयारामला वाटले, बाईमाणसाची हौस आहे. त्याने कामाचे पैसे घेतले आणि हसू फुकट दिले.

पुढच्या चोवीस वर्षांत तिने या एका पाचरीभोवती आपली कामाची रीत उभी केली. मी सुट्टीत गावी गेलो की शेडमध्ये बसतो, म्हणून ती रीत मला पाठ आहे. आत शिरताच ती ओढणी काढून दाराजवळच्या खिळ्याला अडकवते आणि फहादचा जुना अर्ध्या बाह्यांचा शर्ट कुर्त्यावर चढवते. केस घट्ट बांधलेले, हातात बांगडी नाही. ओढणी काढण्यावरून पूर्वी बोलणे झाले होते. तिने बोलणाऱ्याला बोलावून, पट्ट्याने क्षणात ओढून नेलेले एक जुने फडके दाखवले होते. कुणी तरी तिला कामाचे जाड हातमोजेही भेट दिले होते. ते तिने सुकट वाळवणाऱ्या शेजारणीला देऊन टाकले, कारण बोट पात्याला ओझरते लागले तर कातडी जाते, पण मोजा लागला तर सबंध हात ओढला जातो.

मग ती फळी डोळ्याच्या उंचीवर धरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पाहते. जी कड सरळ नाही ती कड बाजूच्या आधारपट्टीला कधी टेकवत नाही; आधी रंधा मारून घेते. आधारपट्टी पात्याला समांतर आहे का, हे ती पुढच्या आणि मागच्या दाताशी माप लावून पाहते. पाते फळीच्या वर जेमतेम दातभर डोकावेल एवढेच उंच ठेवते. स्वतः पात्याच्या रेषेत उभी राहत नाही, डावीकडे सरून राहते. शेवटची वीत हाताने ढकलत नाही. त्यासाठी टाचेसारखी खाच असलेली एक काठी आहे, बाभळीची, धरून धरून काळी झालेली. मशीनचा स्विच फहादने तिच्या गुडघ्याच्या उंचीवर बसवून दिला आहे. दोन्ही हात फळीवर असतानाच, गुडघ्याच्या एका धक्क्याने तिला मोटर बंद करता येते. पाते पुरते थांबेपर्यंत ती कापलेल्या तुकड्याला हात लावत नाही, मग समोर गिऱ्हाईक कितीही बोलत असो.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर मी गावी होतो, तेव्हा परेशशेटचे काम आले. परेश पेणकडचा. घरची मिठागरे होती; त्याने ट्रक घेतले, मग जमिनी, आणि आता काशीदला चोवीस खोल्यांचे रिसॉर्ट बांधत होता. सर्व दारांच्या चौकटी आणि खाटा त्याला लाकडाच्या हव्या होत्या, त्याही नाताळच्या आधी. वादळात पडलेले फणस त्याने वाड्यावाड्यांतून उचलून ठेवले होते. त्यांच्या जाड फळ्या पाडून झाल्या होत्या. आता त्या फळ्या उभ्या चिरून चौकटीच्या मापात आणायच्या होत्या. हे काम बिल्किसला मिळणे ही लहान गोष्ट नव्हती. काशीदचे बाकीचे हॉटेलवाले परेशकडे पाहून माणसे ठरवत. हे काम नीट पार पडले तर त्या बाजूची दारे तिच्यासाठी उघडणार होती; फिसकटले तर कायमची बंद होणार होती. तिला हे ठाऊक होते, आणि आम्हालाही.

परेशने देखरेखीला आपला मिस्त्री पाठवला. तो म्हणजे बाळाजींचा दादू. दादूकाका आता साठीचे, हाताला सात बोटे, सबंध तालुक्यात शब्दाला मान. त्यांच्या स्वतःच्या मशीनची मोटर जळाली होती, म्हणून काम बिल्किसच्या शेडमध्ये आले होते. मुदत आठ दिवसांची.

पहिल्या सकाळी बिल्किसने फळ्या उलटसुलट करून पाहिल्या. दिसायला सरळ होत्या. पण त्यांच्या टोकाकडून पाहिले तर वाढीच्या रेघा एका बाजूला दाटलेल्या आणि दुसऱ्या बाजूला सैल होत्या.

"काका, ही झाडं दर्याच्या वाऱ्याला पाठ देऊन वाढलेली हायत," ती म्हणाली. "जनमभर एका अंगावर जोर घेतलाय. कापली की मिटतील."

"फनस हाय ह्यो," दादूकाका म्हणाले. "लाजालू नाय, हात लावला का मिटाला."

फळ्या उतरवायला आलेले दोघे हमाल हसले. बिल्किसने पहिली फळी लावली. अर्ध्याहून थोडे पुढे गेल्यावर मशीनचा आवाज जड झाला. फळी पुढे सरकेना. तिने दोन्ही हातांनी ती दाबून धरली, गुडघ्याने स्विच पाडला, पाते थांबेपर्यंत तशीच उभी राहिली. मागे जाऊन पाहिले तर चिरेने पोलादी पाचर दोन्ही बाजूंनी आवळली होती. तिने चिरेत लाकडाची पातळ चिपटी ठोकली, फळी सैल झाली, मशीन पुन्हा सुरू झाले. दुसऱ्या फळीला तेच. तिसरीला तेच. दहा वाजेपर्यंत तीनच फळ्या झाल्या.

दादूकाकांनी उठून पाचरीकडे बोट केले. "लाकूड अडतंय ते तुजे त्या पट्टीला. ती काड आधी."

"पट्टीला अडत न्हाय काका, पट्टीला दाबतंय. ती नसती तर पात्याला दाबलं असतं."

"मना नको शिकवू. तीस वर्सं मी बिना पट्टीचा कापतंय."

"सात बोटांनी."

हमालांपैकी एकाचे हसू अर्ध्यावर थांबले. दादूकाकांनी आपला डावा हात खिशात घातला नाही, उलट पुढे केला. "तीन बोटा देऊन शिकलोय मी, पोरी. तू फुकट शिकलीस, म्हनून तुला त्याची किंमत नाय."

"फुकट न्हाय," बिल्किस म्हणाली. "अब्बांची दोन."

दादूकाकांनी भिंतीवरचा पाना काढला आणि ते पाचरीचा बोल्ट ढिला करायला वाकले. बिल्किस त्यांना अडवायला गेली नाही. तिने भिंतीवरचे बटण बंद केले, प्लग काढला, मोटर वर उचलून पट्टा सैल केला आणि तो काढून पिशवीसारखा खांद्याला अडकवला. मग खिळ्यावरची ओढणी घेतली.

"मशीन हितंच हाय काका," ती म्हणाली. "चालवा."

भर सकाळी ती गावातून पट्टा खांद्यावर टाकून घरी गेली. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट रिक्षांतून अलिबागपर्यंत पोचली होती.

दुपारी परेशचा फोन आला. तिने तो घरी आम्हा सर्वांसमोर, मोठ्या आवाजावर ठेवून घेतला.

"भाभी, टेन्शन काय आहे? माझ्या कामात पाचर मारू नका ना."

"तुमच्या कामात न्हाय मारली परेशभाई. मशीनला मारलीय."

"दादू मिस्त्री एवढा जुना माणूस, तो काय चुकीचं सांगेल? मी लिहून देतो, काय झालं तर जबाबदारी माझी. कागदावर. सही करून."

"कागदावर लिहिलेलं बोट कुठल्या हाताला बसवायचं ते पन लिहा."

मग परेश म्हणाला, "दोन दिवस देतो. नाही तर माल अलिबागला."

त्या दोन दिवसांत तिला सगळ्यांनी समजावले. तिची नणंद जुनेरा म्हणाली, "आठ दिवसांचा तर सवाल हाय. काढ ती पट्टी, मंग परत लाव. कोन बघतंय?" फहादच्या रिक्षात बसणारे त्याला विचारत, "काय रे, घरी पट्टा बायकोच्या हातात का?" तो म्हणे, "पट्टा तिच्याकडं, ब्रेक माझ्याकडं, म्हनून तर गाडी चाललीय." पण घरी आल्यावर त्याने तिला काढ असेही म्हटले नाही, ठेव असेही म्हटले नाही. दुसऱ्या दिवशी रात्री जेवताना एवढेच विचारले, "माल गेला तर?"

"जाईल," ती म्हणाली.

मीही माझ्या परीने शहाणपणा केला. मी म्हणालो, "भाभी, एकदाच पाचर काढून कापून दाखवा. तुम्ही बाजूला उभ्या राहा, लांब काठीने ढकला. फळी उडाली की सगळ्यांचा विश्वास बसेल."

तिने माझ्याकडे पाहिले, ते अजून माझ्या लक्षात आहे. "दाखवन्यासाठी पन काढनार न्हाय," ती म्हणाली. "तुम्ही शिकलेली मानसं पुरावा मागता. पुराव्याच्या समोर उभं कोन राहनार, ते न्हाय सांगत."

तिसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास परेशचा टेम्पो शेडपुढे येऊन उभा राहिला. परेश स्वतः आला होता, सोबत दादूकाका. हमालांनी फळ्या चढवायला सुरुवात केली. निम्म्या फळ्या टेम्पोत गेल्या तेव्हा बिल्किस घरातून आली, मागोमाग फहाद. तिच्या एका हातात नुरुद्दीनचाचांची हातकरवत होती, दुसऱ्या हातात काही नव्हते. पट्टा खांद्यावरच होता.

"न्यायच्या आधी एक फळी मला द्या," ती परेशला म्हणाली. "मशीनला न्हाय लावत. हातानं."

"हाताने चोवीस खोल्या करणार का, भाभी?"

"एकच फळी. आनि मी न्हाय कापनार. काका कापतील. बाळाजीकाकांचा हात हाय त्यांच्यात. त्यांचे गुडघे जाईपर्यंत आमच्या अब्बांनी दुसऱ्या कुनाबरोबर करवत धरली न्हाय."

दादूकाकांना ही हाक टाळता आली नाही. परेश पाहत होता, हमाल पाहत होते, पलीकडच्या पडवीतून जुनेरा पाहत होती. त्यांनी फळी दोन घोड्यांवर ठेवली, दोरीने रेघ पाडली आणि करवत घेतली. सात बोटांत ती करवत इतक्या सहज बसली की मला त्यांच्या सर्व वर्षांचा हेवा वाटला. ओढ लांब, आवाज एकसारखा, रेघेवरून तसूभर इकडे-तिकडे नाही. वीतभर काप गेला, हातभर गेला. मग करवतीचा आवाज खालच्या पट्टीत उतरला आणि थांबला.

दादूकाकांनी करवत मागे ओढली. आली नाही. पुढे रेटली. गेली नाही. फळीने ती धरली होती.

"फनस हाय ह्यो," फहाद टेम्पोच्या आडून म्हणाला. "लाजालू नाय."

दादूकाकांनी त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. त्यांचा डावा हात खाली जमिनीवर गेला, भुशात चाचपडला, एक पातळ चिपटी उचलून वर आला. ती चिपटी त्यांनी करवतीच्या मागच्या चिरेत बसवली आणि जवळच पडलेल्या दगडाने दोनदा ठोकली. चीर उघडली. करवत सुटली. ते पुन्हा कापू लागले. तीन ओढी झाल्या, चार झाल्या, तेव्हा त्यांच्या लक्षात आले की सगळ्यांच्या नजरा त्या चिरेवर आहेत.

करवत थांबली.

"आत्ता काय केलंत, काका?" बिल्किसने विचारले. तिचा आवाज चढलेला नव्हता.

दादूकाकांनी चिरेतल्या चिपटीकडे पाहिले. ती कुणी दुसऱ्यानेच तिथे ठेवली असावी, असे पाहिले.

"पाचर मारली," ती म्हणाली. "कुनी सांगितलं न्हाय. हातानंच मारली. माझ्या मशीनच्या मागं तीच हाय."

"हाताची गोष्ट येगली," दादूकाका म्हणाले.

"लाकडाला ठाऊक हाय का, समोर हात हाय का मशीन? ते मिटायचं तसंच मिटतंय. हाताची करवत अडकते. मशीन अडकत न्हाय काका, फेकतं."

दादूकाकांनी करवत फळीवर आडवी ठेवली आणि ते टेम्पोच्या पलीकडे जाऊन उभे राहिले. परेश फळीजवळ आला. त्याने चिरेत बोट घालून पाहिले, मग चिपटी हलवून पाहिली. तो लाकडाचा माणूस नव्हता, पण मिठागरांतल्या माणसांची मुले दाब ओळखतात. बांध कुठून फुटेल हे त्यांना लहानपणीच कळते.

"किती दिवस?" त्याने विचारले.

"बारा."

"आठ ठरले होते."

"ही फळी एका कापात मापाला न्हाय येनार. आधी जाड कापायची, चार दिवस पडू द्यायची. आतला जोर सुटला की ती वाकडी होते. मंग कड सरळ करून दुसऱ्यांदा कापायची, ती मापाला. घाईत कापलेली चौकट तुमच्या खोलीत गेल्यावर वाकडी झाली, तर दारं लागनार न्हाईत."

"दहा करा, भाभी."

"फळीशी बोला. ती दहावर राजी असली तर माझं काय न्हाय."

परेशने हमालांना हात केला. चढवलेल्या फळ्या उतरू लागल्या.

"आनि एक," बिल्किस म्हणाली. "माझ्या शेडमध्ये मला न विचारता पान्याला कुनी हात लावनार न्हाय."

परेशने दादूकाकांच्या दिशेने पाहिले. ते ऐकू आले नसल्यासारखे खाडीकडे पाहत होते.

दुसऱ्या दिवशी पट्टा मोटरीवर चढला. दादूकाका देखरेखीला आले, कारण परेशने त्यांना तसे सांगितले होते. ते नेहमीच्या सवयीने पात्याच्या सरळ रेषेत, बिल्किसच्या मागच्या बाजूला उभे राहिले. बिल्किसने गुडघ्याने स्विच पाडला. पाते थांबले. ती नुसती वाट पाहत राहिली. ते बाजूला झाले. तिने मशीन सुरू केले. थोड्या वेळाने ते पुन्हा त्याच जागी आले, मशीन पुन्हा बंद झाले. सकाळभरात हे तीनदा झाले. चौथ्या वेळी ते आपणहून वळसा घालून टेबलाच्या पलीकडच्या टोकाला गेले आणि कापून येणाऱ्या फळीला खालून आधार देत उभे राहिले. फळी ते ओढत नव्हते. नुसती तोलून धरत होते, जशी धरायला हवी तशी. चिरेने पाचर आवळली आणि मोटर थांबली की चिपटी ठोकायला आधी त्यांचाच हात पुढे होई.

काम बाराव्या दिवशी संपले नाही. एक दिवस जास्त लागला. परेशने कुरकुर केली, पण चौकटी घेऊन गेला.

त्या शेवटच्या दुपारी फहादने किटलीतून चहा आणला. बिल्किस टेबलावरचा भुसा ब्रशने झाडत होती, शेडमध्ये मोटरीचा आवाज नसल्याने समुद्र ऐकू येत होता. दादूकाकांनी एक पेला भरला आणि हाक मारली.

"मिस्त्री, चा घे."

हमालांच्या माना वळल्या. दादूकाकांच्या तोंडून ती हाक मिळावी म्हणून आमच्याकडच्या माणसांनी बोटे दिली आहेत. बिल्किस भुसा झाडत राहिली. तिला ऐकू आले होते. ब्रश क्षणभर थांबला होता, तो मी पाहिला.

"मिस्त्री," दादूकाका पुन्हा म्हणाले, जरा मोठ्याने.

"त्या नावाला ती ओ न्हाय देत, काका," फहाद म्हणाला. "त्यांच्या घरान्यातच न्हाय ते."

"मंग काय म्हनू?"

"नाव हाय की तिला."

दादूकाका पेल्यातल्या चहाकडे पाहत राहिले. त्यावर साय धरू लागली होती.

"बिल्किस," ते म्हणाले. "चा घे."

"हां काका," ती म्हणाली. ब्रश ठेवून आली आणि त्यांच्या शेजारी फळ्यांच्या थप्पीवर बसली. दोघांनी चहा प्यायला. मग दादूकाकांनी मान न वळवता, पात्यामागच्या पाचरीकडे पाहत विचारले, "जाडी किती ठेवतात तिची?"

"ते असं सांगता येत न्हाय," बिल्किस म्हणाली. "तुमची मोटर दुरुस्त झाली की तुमचं पातं घेऊन या. पात्यावर ठरते."